इंदूमावशीच्या घरातले चार फ्रीज

घरी पाहुणे आले, चहा झाला, की आमचे हे हळूच म्हणतात, "अगं, तो फ्रीजचा किस्सा सांग ना यांना!" मी विचारते, कुठला? पहिला की शेवटचा? कारण मधे इतकं काही घडलंय की एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या मागोमाग येऊन बसतो. बाकीच्यांच्या ऑफिसात फायली साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठतात. फायली निदान कधीतरी रद्दीत जातात, किस्से घरी घेऊन यावे लागतात.

आधी माझं काम काय ते सांगते. निराधार बायका, विधवा, म्हातारी माणसं यांना सरकारकडून महिन्याला थोडी पेन्शन मिळते. ती योग्य माणसाच्याच हातात पडते ना, हे घरोघरी जाऊन बघायचं, ही माझी नोकरी. तीही कंत्राटी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा माझा पट्टा.

पूर्वी हे सगळं कागदावर चालायचं आणि त्यात भयंकर गोंधळ व्हायचा. म्हणून पद्धत सुधारली. आता मोबाईलवर ॲप आलंय. गोंधळ तोच आहे, फक्त आता तो फोटोसकट होतो!

ऑफिसात आम्ही तिघं. पहिले साळुंखे साहेब. कराडकडचे, कडक इस्त्रीचे, चेहऱ्यालासुद्धा इस्त्री केलेली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "मॅडम, माणूस खोटं बोलतो, फोटो बोलत नाही." दुसरा हरेश, उल्हासनगरचा सिंधी. कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. त्याचंही एक वाक्य आहे. "दीदी, सिस्टम नाही घेत." आणि तिसरी मी. मी दारोदार फिरते आणि गोंधळून परत येते.

* * *

ॲप आलं त्या आठवड्यातली एक भेट कुळगावात होती. एक आजोबा, डोक्यावर टोपी, पडवीत बसलेले. समोर नुसता फोटो धरून कुणी फसवू नये म्हणून ॲपवाल्यांनी एक युक्ती केली होती. माणसाने कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवायचे, की तो जिवंत असल्याची खात्री पटते.

मी मोबाईल समोर धरला आणि म्हटलं, "आजोबा, इकडे बघा आणि डोळे मिचकवा."

आजोबा दचकले. "कुनाकरं बघून?"

"माझ्याकडे. म्हणजे मोबाईलकडे हो."

"काय बोलतंस पोरी! तू माज्या नातीच्या वयाची. तुला डोला मारू मी? गावान तोंड दाखवाची सोय र्‍हवाची नाय!"

मी खूप समजावलं. हे सरकारी आहे, सगळेच करतात, काल एका भटजींनी केलं. आजोबा बधले नाहीत. उलट चुकूनसुद्धा पापणी लवू नये म्हणून ते डोळे ताणून बसले. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोबाईलवर लाल अक्षरं उमटली, "व्यक्ती जिवंत असल्याची खात्री होत नाही." ती सुनेने मोठ्याने वाचली आणि ती घाबरून सासऱ्यांचा हात चाचपायला लागली.

शेवटी आतून आजी आल्या. पदराला हात पुसत माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा माज्याकरं, आन मिचकवा येकदाचं!"

आजोबा लाजले. अगदी कानापर्यंत लाल झाले. आणि त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिचकवले. ॲपने ताबडतोब हिरवी खूण दिली.

आजी म्हणाल्या, "लग्नाला यवरी वर्सा झाली, कदी डोला मारला नाय. सरकारनी सांगितल्यावर बरा मारला!"

* * *

विधवा पेन्शन असेल तर दर वर्षी आणखी एक गोष्ट तपासायची असते. बाईने मधल्या काळात पुन्हा लग्न तर केलं नाही ना? त्यासाठी दोन शेजारी साक्षीला लागतात.

उल्हासनगरला कमलाबाईंकडे गेले होते. बाई सत्तरीच्या पुढच्या, पण अजून ताठ. साक्षीला शेजारच्या मोहिनीभाभी आल्या. त्यांना मी ठरलेला प्रश्न विचारला, "कमलाबाईंनी पुन्हा लग्न केलेलं नाही, बरोबर?"

भाभी खो खो हसल्या. "अरे दीदी, इस उमर में इसको कौन करेगा?"

झालं! कमलाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "कौन करेगा म्हणजे? विचारणारे होते! तुला काय माहिती!"

"कौन? कौन पूछा?" भाभींनी खुर्ची पुढे ओढली.

कमलाबाई पुन्हा खाली बसल्या आणि पदर सारखा करायला लागल्या. भाभींची सही घेतली. आता दुसरा साक्षीदार हवा. गल्लीत भर दुपारी कोण असणार? समोर लाकडाची वखार होती, तिथले म्हातारे मालक गल्ल्यावर बसले होते. त्यांना बोलावून आणलं. कमलाबाई एकदम भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मी वखारवाल्यांना विचारलं, "यांनी पुन्हा लग्न केलेलं नाही ना?"

त्यांनी पेन हातात घेतलं, थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "नहीं किया, मॅडम. पूछा था मैंने."

आणि सही केली!

संध्याकाळी हरेशने विचारलं, "दीदी, रिमार्कमध्ये काय टाकू?" मी म्हटलं, काही टाकू नकोस. तुझी सिस्टम नाही घेणार.

* * *

आता फ्रीज.

एका उन्हाळ्यात ॲप आणखी सुधारलं आणि त्यात नवा प्रश्न आला. घरात फ्रीज आहे का? असल्यास किती? फोटो जोडा. विचार असा की ज्याच्या घरी फ्रीज, तो निराधार कसला? तो फ्रीज कुणी दिला, चालू आहे की त्यात कपडे ठेवतात, हे विचारायला रकाना नव्हता.

अंबरनाथला कारखान्यांच्या मागे एक बैठी चाळ आहे. तिथे आमचे पाच पेन्शनवाले, चार म्हातारपणाचे आणि एक विधवा. साहेब म्हणाले, "मॅडम, आज मी स्वतः येतो. अचानक भेट देऊ." आमच्याकडे अचानक भेट म्हणजे चाळीला आदल्या दिवशीच माहीत असलेली भेट. ती कशी माहीत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिलं घर मंदाताईंचं. मंदाताई म्हणजे चाळीचा आवाज. घरात फ्रीज नव्हता. पण कोपऱ्यात फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा लख्ख होता आणि वर भिंतीवर प्लग लोंबत होता.

"इथे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"देव्हारा होता."

"देव्हाऱ्याला प्लग?"

"लायटिंग!" मंदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या घरातही देव्हारा होता. तिसऱ्याही घरात. चौथ्या घरातल्या बाईंनी तर आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं, "देव्हारा होता हो साहेब इथे." साहेब मला म्हणाले, "फारच धार्मिक चाळ दिसते." ते गंमत करत होते की खरंच म्हणत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळणं अशक्य!

शेवटचं घर इंदूमावशीचं.

इंदूमावशीबद्दल सांगायला हवं. नवरा जवळच्याच कारखान्यात होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. जन्मभर लोकांचे पापड लाटले, आता मनगटं गेली. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या आणि दोन वेळचा भात, सगळं त्या पेन्शनवर. साऱ्या चाळीत हिच्याच घरात काही सामान नव्हतं. म्हणून हिच्याच घरात जागा होती. आणि जागा होती म्हणून...

साहेबांनी दार ढकललं. त्या एका खोलीत चार फ्रीज उभे होते. लाल, निळा, करडा आणि एक फुलाफुलांचा. बारशाला आलेल्या बायकांसारखे दाटीवाटीने. आणि त्यांच्या मधे एका पाटावर अंग चोरून इंदूमावशी बसली होती.

साहेबांनी फोटो काढला. "फ्रीज, आहे. संख्या, चार."

मी म्हटलं, "साहेब, हे हिचे नाहीत."

"मग कुणाचे?"

दारात चाळीतल्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी एकदम वर पत्र्याकडे बघायला सुरुवात केली. त्यांचं तरी काय चुकलं? 'माझा' म्हणेल तिची पेन्शन जाणार. एकीचा फ्रीज लेकीच्या लग्नात उरलेला, एकीचा मालकिणीने टाकून दिलेला, पण रकाना कुठे होता? मंदाताईंचा चेहरा पडला. त्या पुढे सरल्या, तोंड उघडलं. तेवढ्यात मावशीच घाईघाईने म्हणाली, "माझेच आहेत साहेब!"

"चारही?"

"हो. एक पाण्याचा आहे."

"आणि?"

"एक भाजीचा. एक दुधाचा."

"आणि चौथा?"

मावशीने जरा विचार केला. "पाहुण्यांचा."

निघताना मी मागे राहिले आणि तिला विचारलं, "मावशी, असं का बोललात? तुम्हाला यातला एक तरी कामाचा आहे का?"

ती म्हणाली, "मला कशाला गं फ्रीज? शिळं उरतं कुठे माझ्याकडे?"

पुढच्या महिन्यात तिची पेन्शन बंद झाली.

* * *

मी हरेशच्या मागे लागले. काहीतरी कर, फोटो काढून टाक, खूण बदल. त्याने खूप बटणं दाबली. शेवटी म्हणाला, "दीदी, सिस्टम के हिसाब से मावशी लय श्रीमंत आहे. चार फ्रीज तो मेरे घर में भी नहीं है."

"मग आता?"

"फेरपडताळणीचा अर्ज टाकू. नंबर लागला की साहेब परत जाऊन बघतील."

"नंबर कधी लागेल?"

हरेशने दोन्ही हात वर केले. सिस्टम तेही सांगत नव्हती.

* * *

मधल्या काळात माझी बाकीची कामं चालूच. चामटोलीहून दोघी बायका ऑफिसात आल्या. एका नवऱ्याच्या दोघी, थोरली आणि धाकटी. तो जिवंत होता तोवर यांच्या घरात मधोमध भिंत होती आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी रोज शिव्या. तो गेला आणि महिन्याभरात दोघींनी मिळून भिंत पाडली. असं गावातल्याच बायकांनी मला सांगितलं.

हरेशने थोरलीचा अर्ज भरला. धाकटीचा भरायला घेतला आणि थांबला. "साहेब, सिस्टम नाही घेत. बोलते, इस आदमी की विधवा है ऑलरेडी."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. कायद्याने विधवा एकच."

थोरलीने विचारलं, "मंग ही कोन? हिचा कोन मेला?"

साहेबांनी स्वतः स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाले, "थोरल्या बाईंच्या अर्जात कुटुंबातल्या इतर माणसांची नोंद करता येईल. घरात कोण कोण आहे आणि त्यांचं नातं काय, एवढं द्या."

नात्यांची यादी उघडली. आई होती, सासू होती, नणंद होती. सवत नव्हती.

"सांगा, ही तुमची कोण?"

थोरलीने आयुष्यभर जिला फक्त 'सटवी' म्हणून हाक मारली होती, तिच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "लिवा, बहीन."

धाकटीने पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले. मी दोघींना पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला गेले. बाहेर रिक्षा उभी होती. त्यात कडेला कोण बसणार यावरून दोघी अशा काही भांडल्या की रिक्षावाला उतरून लांब जाऊन उभा राहिला!

* * *

मांजर्लीचे पाटणकर काका मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत.

नदीला पाणी आलं की मांजर्लीत घरांमध्ये शिरतं. मग मदत कुणाला द्यायची याची तपासणी आमच्याकडे येते. पाणी घरात शिरलं होतं याचा पुरावा म्हणजे भिंतीवरची चिखलाची रेघ. काका पडले स्वच्छतेचे भोक्ते. पाणी ओसरलं त्याच दिवशी काकांनी, काकूंनी साबण लावून भिंती घासल्या, वर चुना मारला. आम्ही गेलो तेव्हा घर आरशासारखं चकचकीत.

साहेब म्हणाले, "पाणी आल्याचं दिसत नाही."

"आलं होतं हो! छातीपर्यंत!"

"मग रेघ कुठे?"

"पुसली."

"का पुसलीत?"

"अहो, घाण होती!" काका जवळजवळ रडकुंडीला आले.

साहेबांनी रिकाम्या भिंतीचा फोटो काढला. फोटो खोटं बोलत नाही. काकांना मदत मिळाली नाही.

नंतर एकदा दुसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे गेले. घराला नवा रंग दिला होता, छान बदामी. आणि हॉलच्या चारही भिंतींवरून, छातीच्या उंचीवर, चिखलाची एक पट्टी गोल फिरली होती. त्याच पावसाळ्यातल्या दुसऱ्या पुरात काकांनी ती जपली होती आणि पेंटरला सांगून तेवढी सोडून बाकीचा रंग मारला होता. कडा अगदी सरळ रेषेत!

"राहू दे," काका म्हणाले. "पुरावा आहे."

काकू आतून म्हणाल्या, "कालच शेजारीण विचारत होती, हे डिझाइन कुठल्या पेंटरकडून करून घेतलंत?"

मी हसले, पण रिक्षात बसल्यावर एकदम इंदूमावशी आठवली. काकांनी निदान पट्टी तरी जपली. हिच्याकडे काहीच नाही. आणि काहीच नाही, हे जपून कसं ठेवायचं आणि कुणाला कसं दाखवायचं?

* * *

तिकडे चाळीत काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं.

मावशीची पेन्शन आपल्यामुळे गेली हे चाळीला चांगलंच लागलं होतं. पैसे कुणाकडेच फारसे नव्हते, पण मंदाताईंनी फर्मान काढलं की मावशीचं जेवण चाळीकडून. झालं ना मग! चारही घरांतून भाजी जायला लागली. कुणी कुणाला विचारायचं नाही. एके दिवशी दुधी, दुधी, दुधी आणि वांगं. मावशी अन्न टाकणारी बाई नाही. सकाळचं रात्री, रात्रीचं दुसऱ्या दिवशी असं करत तिने सगळं संपवलं आणि पोट बिघडून आडवी झाली.

पुन्हा चाळीची मीटिंग. भाजी कमी करायची, हे कुणालाही सुचलं नाही! मंदाताईंच्या भावाचं उल्हासनगरला जुन्या सामानाचं दुकान होतं, त्याने एक लहानसा फ्रीज दिला. कमरेएवढा, पांढरा, थोडा खरखर करणारा.

मी भेटायला गेले तर कोपऱ्यात तो उभा! "मावशी, हे काय?"

ती ओशाळून म्हणाली, "आता शिळं उरायला लागलं ना गं."

मी मंदाताईंना गाठलं. "अहो, ज्याच्यामुळे पेन्शन बंद झाली, तेच तुम्ही आणून दिलंत!"

मंदाताई म्हणाल्या, "आधी चार होते, आता एकच आहे. कमी झाले की!"

आणि नेमका त्याच आठवड्यात फेरपडताळणीचा नंबर लागला. इतके महिने वाट बघून आता लागला! मला हसावं की रडावं कळेना. बरं, फ्रीज दुसरीकडे हलवावा, तर साहेब यावेळी आधीच म्हणाले, "मॅडम, या खेपेला मी चाळीतलं प्रत्येक घर बघणार. पत्र्यामागची मोरीसुद्धा." मावशी आता गोळ्यासुद्धा पुरवून पुरवून निम्म्याच खात होती, हे मला माहीत होतं. एक गोळी आज, एक परवा. या खेपेला पुन्हा 'आहे'वर खूण झाली असती तर तिची पेन्शन कायमची गेली असती. साहेबांना खरं काय ते सांगावं असं मी दहा वेळा मनाशी ठरवलं. पण सांगू काय? फ्रीज तिचा नव्हता तेव्हा तिचा म्हणून लिहिला, आता तिचा आहे तर नाही म्हणून लिहा? माझं मलाच कळेनासं झालं होतं.

* * *

गेलो तो दिवस गुरुवार होता. मार्गशीर्षातला.

चाळीत शिरलो तर सगळ्या घरांना कुलपं. आणि इंदूमावशीच्या दारात रांगोळी, वर झेंडूचं तोरण. दरवर्षी चाळीतल्या बायकांचा महालक्ष्मीचा घट मंदाताईंकडे बसतो. या वर्षी तो मावशीकडे बसला होता.

आत सगळ्या चाळीतल्या बायका काठापदराच्या साड्या नेसून दाटीने बसल्या होत्या. कोपऱ्यात देवी. कलश, नारळ, चांदीचा मुखवटा, नाकात नथ, गळ्यात मोगऱ्याचा गजरा. अंगावरून सोडलेली हिरवी जरीची साडी थेट जमिनीपर्यंत, चुण्या पसरून पसरून. चौरंग जरा उंचच होता. कमरेएवढा.



मग मावशीकडे बघितलं. ती देवीशेजारी अवघडून बसली होती. तिच्या कपाळाला हळदकुंकू होतं. नवरा गेल्यापासून या चाळीत तिला कुणी कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. सवाष्णींचं काम, म्हणून ती दार लावून घरात बसायची. आज तिच्याच घरात घट होता आणि सगळ्या सवाष्णी तिच्याकडे आल्या होत्या. ती सारखी कपाळाला हात लावून बघत होती, कुंकू आहे ना अजून म्हणून. मला फार भरून आलं. खोटं कशाला सांगू, मी साहेबांच्या मागे उभी राहून डोळे पुसले.

साहेबांनी बूट काढले, आत आले, देवीला हात जोडले. मग सगळीकडे नजर फिरवली. "फ्रीज?"

"नाही!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

साहेबांची नजर साडीच्या मागून निघून भिंतीवरच्या प्लगपर्यंत गेलेल्या वायरवर जाऊन थांबली. त्यांनी काही विचारायच्या आत मंदाताई म्हणाल्या, "लायटिंग!"

देवीभोवती एकही दिवा लागलेला नव्हता.

साहेबांना बसायला पाट दिला. मावशीने स्वतः उठून प्रसादाचं केळं आणि स्टीलच्या पेल्यात दूध त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी एक घोट घेतला आणि ते थांबले. पेल्याला बाहेरून दव सुटलं होतं.

"दूध गार आहे," साहेब म्हणाले.

"मार्गशीर्ष आहे ना साहेब," मावशी म्हणाली. "थंडी पडलीय."

डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता.

साहेबांनी पेला संपवला. मोबाईल काढला. ॲप उघडलं. नेमक्या त्याच क्षणाला देवीच्या आत कुठेतरी टक् असा आवाज झाला, आणि मग खर्रर्र... नथ थरथरायला लागली. नारळ कलशावर डुलायला लागला. देवीपुढच्या तबकातल्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या.

मंदाताईंनी डोळे मिटून घेतले होते. मावशीचा हात पुन्हा कपाळाशी गेला. साहेब देवीकडे बघत होते आणि देवी साहेबांकडे.



मग साहेबांनी मोबाईल वर धरला, सबंध खोली येईल असा फोटो काढला आणि 'फ्रीज, नाही' यावर खूण केली. दारापाशी जाऊन बूट घातले. उंबऱ्यावरून मागे वळले आणि पुन्हा एकदा हात जोडले.

"मावशी," साहेब म्हणाले, "देवी जागृत आहे तुमची."